बेळगावच्या पावसात जुने कॅमेरे जपताना

बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल सुटते, आणि फिल्म कॅमेऱ्याचा खरा शत्रू हीच ओल. विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडा, शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती सेटिंग) दाबून धरा आणि मोबाईलचा टॉर्च लेन्समधून तिरपा मारा. कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. तिनं काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर पुसूनही डाग जात नाही. तो कॅमेरा शोभेपुरताच, तोही बाकीच्यांपासून लांब. शटर अडकत असेल तर तेल मुळीच सोडू नका. ते पात्यांवर पसरतं आणि पाती चिकटून बसतात.

चामड्याचं कव्हर कितीही देखणं असो, कॅमेरा त्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं. पावसाळाभर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक हवा. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ६०च्या वर बुरशीला रान मोकळं. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवा. निळे दाणे नकोत, त्यात कोबाल्ट असतं.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काचेच्या कपाटात मांडा: ऊन न येणारी भिंत, सेल काढलेले, शटर न चढवलेलं, म्हणजे त्याची स्प्रिंग सैल. आग्फा क्लिक थ्री हा जुना साधा फिल्म कॅमेरा असेल तर पुढच्या रांगेत ठेवा, शेजारी त्यात लागणाऱ्या '१२०' प्रकारच्या फिल्मचं रिकामं रीळ.