भोपळ्याची कोवळी फळं गळतायत? परागीभवन हाताने करा

वेल छान पसरलाय, फुलंही भरपूर, पण सुपारीएवढी फळं पिवळी पडून गळतात. अशा वेळी लोक खत वाढवत बसतात. बहुतेकदा अडचण परागीभवनाची असते.

आधी फुलं ओळखा. नर फूल लांब, बारीक देठावर येतं. मादी फुलाच्या बुडाशी इवलंसं फळ असतं. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, त्यामुळे तेव्हा घाबरू नका. लाल भोपळा आणि झुकिनीची फुलं पहाटे उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. म्हणून काम सकाळीच उरका. ताजं नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि मधल्या दांड्यावरची पिवळी पूड मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच, सगळीकडून फिरवा. दुधीची पांढरी फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, तिथे हेच काम तिन्हीसांजेला. जास्तीची नर फुलं बेसनात बुडवून तळा, फार चवदार लागतात.

झुकिनी वीतभर झाली की काढाच, मोठी झाली की पाणचट होते. लाल भोपळ्याला मात्र घाई नको: देठ वाळून खडखडीत झाला आणि सालीत नख रुतेना की दोन-तीन इंच देठ ठेवून कापा.

आणि एक, हे कृपा करून पाळाच: चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खं फळ टाका. तो कडूपणा शिजवून जात नाही, आणि त्याने माणूस गंभीर आजारी पडू शकतो.