मुलांना फ्लेमिंगो दाखवायला नेताय? आधी पाणी किती वाजता ते बघा

पाण्याची बाटली, टोपी, खाऊ हे तुम्हाला कळतं, त्यावर मी शब्द घालवणार नाही. मी लिहितेय ते भरतीच्या वेळेसाठी. गेल्या माघी पौर्णिमेला, रविवारी, मी तीन घरांतली मिळून सहा पोरं पहाटे उठवून नवी मुंबईत नेरूळला, टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेमागच्या पाणथळीवर नेली. साडेसहाला पोचलो. समोर चिखल. पक्षी होते, पण पार खाडीच्या मध्यावर, कुणीतरी गुलाबी खडूने रेघ ओढावी तसे. मैत्रिणीच्या धाकट्याने विचारलं, "मावशी, हेच का?" ठाण्याहून पाचची गाडी पकडून आलेल्या त्याच्या बाबांनी काही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात बांधावरून डोक्यावर टोपली घेऊन एक कोळीण मावशी चालली होती. म्हणाली, "आज पुनव ना? पाणी बाराला." एवढंच. घरी आईने संध्याकाळच्या सत्यनारायणासाठी केळीचे खांब आणून ठेवले होते, म्हणजे पौर्णिमा मला ठाऊक होती. ती पाण्याला जोडायची डोक्यात आलं नाही.

तर यादीतलं पहिलं, दुसरं आणि तिसरं: भरती किती वाजता. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, फ्लेमिंगोंचं खाणं त्या चिखलात असतं, म्हणून ते लांब आत जातात. भरतीला चिखल बुडाला की उभं राहायला उथळ जागा हवी म्हणून हेच पक्षी काठाजवळच्या पाणथळीत येतात. आपल्याला हवी ती ही वेळ. 'पक्षी बघायचे तर पहाटे' हा नियम जंगलात चालवा, खाडीवर नाही.

हिशेब सोपा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर सहा, द्वादशी असेल तर नऊ, पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सव्वाअकरा. सकाळी एक भरती, साधारण बारा तासांनी दुसरी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. हे ढोबळ आहे. पौर्णिमेला प्रत्यक्षात बाराच वाजतात. शिवाय मोबाइलवर मुंबईची वेळ दिसते आणि खाडीत आत पाणी पोचायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून तिथीने रविवार निवडा आणि आदल्या दिवशी मोबाइलवर वेळ ताडून बघा. दोन्ही करा. एकावर विसंबू नका.

अष्टमीला सकाळी सहा, म्हणजे छानच की, असं वाटेल. फसू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत नाही, चिखल पुरता बुडत नाही आणि पक्ष्यांना काठाशी यायची गरज पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी भरपूर, पण भर दुपारी. सहा वर्षांच्या पोराला बाराच्या उन्हात बांधावर उभं करून बघा. शिवाय रविवारी हार्बर लोकलला मेगाब्लॉक असला तर तो साधारण त्याच सुमाराला. मधला मार्ग म्हणजे एकादशी ते त्रयोदशी. सव्वाआठ ते पावणेदहाच्या मधली भरती, पाणी चढतं, ऊन सोसवतं. चतुर्थी-पंचमीला दुपारी तीन-चारची भरती मिळते, पण खाडी आपल्या पश्चिमेला. संध्याकाळी बघाल तर सूर्य डोळ्यांत आणि गुलाबी पक्षी काळे. सकाळी ऊन पाठीवर असतं, रंग खरा दिसतो.

आणि भरतीच्या तासभर आधी पोचा. पाणी चढताना थवे एकेक करून उठतात आणि डोक्यावरून येतात. पंखांच्या आतली लाल-काळी बाजू तेव्हाच दिसते. नेमक्या वेळेला पोचलात तर खेळ संपलेला, सगळे एका पायावर झोपलेले.

मोसम नोव्हेंबर ते मे. मला जानेवारी-फेब्रुवारी बरा वाटतो, कारण मार्चमध्ये परीक्षा आणि एप्रिलमध्ये ऊन. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीनेही नेतात. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं आणि बोटही भरती बघूनच सुटते. बघा, तिथेही तेच.

आता बूट. नवे, पांढरे, वाढदिवसाचे बूट घालून कुणालाही आणू नका. आमच्या मोठ्या शहाण्याला चिखलात निवटी दिसली. ती पाण्याबाहेर उड्या मारते, मासा असून. हा तिच्यामागे एक पाऊल बांधाखाली उतरला. पाय घोट्याच्या वर गेला, आणि ओढून काढला तर नुसता मोजा बाहेर आला. भोक आमच्या डोळ्यांदेखत भरून आलं, वर चार बुडबुडे, बूट गडप. खाडीचा गाळ दिसतो घट्ट, धरतो मात्र मगरीसारखा. बांधावरून खाली उतरायचं नाही, हे घरीच सांगा, तिथे कुणी ऐकत नाही. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात ती तिवराची श्वासमुळं. झाड त्यांतून हवा घेतं, ती तुडवायची नाहीत. दोन पोरांमागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात कॅमेरा नको.

कपडे मातकट रंगाचे. लांब बाह्यांचे, कारण डास. मलम घरूनच लावा. दुर्बीण एक पुरते, पण पाळी ठरवून द्या, नाहीतर मारामारी. आम्ही एकेकाला पन्नास आकडे मोजायचं ठरवलं होतं.

मुलं विचारतील, गुलाबी का? ते खातात त्या शेवाळात आणि बारीक जिवांत तो रंग असतो, तोच पिसांत उतरतो. म्हणूनच पिल्लं करडी. 'हा खराब झालाय' असं कुणी म्हणालं तर समजावून सांगा. चोच गडद आणि रंग जास्त तो लहान फ्लेमिंगो. उंच, फिकट, गुलाबी चोचीचं टोक काळं तो मोठा. आपल्याकडे गर्दी लहानांची. चोच उलटी धरून पाणी गाळून खातात, हे मुलांना फार आवडतं आणि मग नाश्त्याला बशीवर करून बघतात. त्याची तयारी ठेवा. टाळ्या, दगड, ड्रोन काही नाही. थवा उडवून फोटो काढणारा मोठा माणूस दिसला तर मुलांसमोरच त्याला हटका.

गाडी: सीवूड्स-दारावे स्टेशन, पुढे रिक्षा. ठाण्याहून पनवेल लोकल थेट येते. शू स्टेशनवरच उरकून घ्या, पुढे सोय आहे असं धरून चालू नका. खायला कोरडं, थालीपीठ किंवा पुरी. वेफर्सची पाकिटं वाऱ्याने थेट खाडीत जातात.

एक जादा चड्डी आणि एक जादा चपलेचा जोड पिशवीत. आमच्याकडे नव्हता, पोरगं एका बुटावर लंगडी घालत रिक्षापर्यंत आलं.

आदल्या रात्री गटावर निरोप टाकताना 'सकाळी भेटू' लिहू नका. तिथी लिहा, भरतीची वेळ लिहा, त्यातून तास वजा करून स्टेशनवरची वेळ लिहा. पुढच्या खेपेला माझा निरोप तयार आहे: द्वादशी, पाणी नऊ, स्टेशन साडेसात. ठाणेकरांनी उत्तरात फक्त अंगठा पाठवलाय.