रोजच्या प्रवासासाठी कमी पैशांत सायकल कशी निवडावी

कामावर किंवा वर्गाला रोज नेण्यासाठी सायकल घ्यायची असेल आणि हाताशी पैसे मोजकेच असतील, तर सर्वांत स्वस्त सायकल शोधण्याऐवजी सर्वांत कमी खर्चात वर्षभर बिनतक्रार चालेल अशी सायकल शोधावी. या दोन सायकली क्वचितच एक असतात. ठरवलेल्या रकमेचा चौथा ते तिसरा हिस्सा आधीच बाजूला काढावा, कारण मजबूत कुलूप, पुढचा-मागचा दिवा, हवेचा पंप, पंक्चरचे साहित्य आणि जुनी सायकल असल्यास पहिली दुरुस्ती यांवर तो हमखास खर्च होतो. उरलेल्या रकमेतच सायकल बसवायची आहे.

आधी रस्ता, मग सायकल

रोजचे अंतर किती, वाटेत चढ आहेत का, सामान काय न्यायचे आणि सायकल कोठे ठेवायची, एवढ्या प्रश्नांची उत्तरे आधी मनाशी पक्की करावीत. रस्ता सपाट आणि अंतर चार-पाच किलोमीटरच्या आत असेल, तर बिनगिअरची सायकल पुरते आणि तिच्या देखभालीचा खर्चही सर्वांत कमी येतो. चढ असतील तर मागे सहा-सात गिअर असावेत. त्याहून अधिक गिअरची गरज रोजच्या प्रवासात सहसा पडत नाही. सायकल जिन्याने वर न्यावी लागणार असेल, तर खरेदीपूर्वी ती एकदा उचलून पाहावी. मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी मागच्या चाकाच्या एक्सलजवळ फ्रेमला छिद्रे आहेत ना, हेही पाहावे.

दिखाऊ भागांपासून सावध

कमी किमतीच्या नव्या सायकलींत पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर असा थाट अनेकदा दिसतो. या सगळ्यांचा खर्च त्याच छोट्या किमतीत बसवायचा असल्याने निर्माता चाके, बेअरिंग आणि पॅडल यांवर काटकसर करतो, आणि नेमके हेच भाग रोजच्या वापरात आधी दगा देतात. स्वस्त सस्पेन्शन म्हणजे बहुधा दोन नळ्यांत बसवलेली साधी स्प्रिंग असते. ती सायकलचे वजन वाढवते, चढावर उभे राहून पॅडल मारताना दबून जोर खाते आणि बिघडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा बदललेली परवडते. पुढे तीन आणि मागे सात चक्रे मिळून होणाऱ्या एकवीस गिअरमधील कित्येक जोड्या जवळजवळ सारख्याच असतात. म्हणून एकाच किमतीच्या दोन सायकलींपैकी जी साधी दिसते ती घ्यावी. याच कारणाने, नीट तपासता येत असेल तर, तेवढ्याच पैशांत नव्या हलक्या प्रतीच्या सायकलपेक्षा चांगल्या प्रतीची वापरलेली सायकल मला नेहमीच उजवी वाटते.

मापाबाबत तडजोड करू नये. सायकलच्या आडव्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभे राहिल्यावर दांडा आणि शरीर यांत दोन-तीन सेंटिमीटर तरी अंतर राहिले पाहिजे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ होतो का, ते पाहावे. सीटची नळी वर घेतल्यावर तिच्यावरील कमाल उंचीची खूण फ्रेमच्या बाहेर येत असेल, तर ती फ्रेम आपल्यासाठी लहान आहे.

फ्रेम तपासताना

वापरलेल्या सायकलमध्ये बाकी सर्व बदलता येते. फ्रेम वाकलेली किंवा तडकलेली निघाली, तर मात्र व्यवहार तेथेच थांबवावा. हँडलच्या नळीला दांडे जेथे जोडलेले असतात, त्या जोडाच्या मागे खालच्या बाजूला रंगावर सुरकुती किंवा बारीक फुगवटा दिसला, तर सायकल समोरून कोठेतरी आदळली आहे असे समजावे. पॅडलचे दांडे, म्हणजे क्रँक, फ्रेमला जेथे जोडलेले असतात त्या पॅडलच्या बेअरिंगभोवतीचे आणि मागच्या एक्सलजवळचे जोड कापडाने पुसून उजेडात पाहावेत. स्टीलची फ्रेम तडकली तरी काही वेळा वेल्डिंग करून सावरता येते. ॲल्युमिनियमची फ्रेम तडकल्यास दुरुस्तीचा नाद सोडावा. वरवरचा गंज आणि उडालेला रंग यांनी घाबरून जाऊ नये, उलट त्यावर भाव कमी करून घ्यावा.

विक्रेत्याला आपल्यासमोर सीट वर-खाली करायला सांगावे. वर्षानुवर्षे न हललेली सीटची नळी फ्रेममध्ये गंजून घट्ट बसते आणि ती काढण्यास सायकलच्या किमतीच्या मानाने फार मोठा खर्च येऊ शकतो.

चाकांना सर्वांत जास्त वेळ द्यावा

चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या रबरापासून रिमचे अंतर सारखे राहते का, ते पाहावे. दोन-तीन मिलिमीटरचा आउट, म्हणजे रिमचे बाजूला डोलणे, आरे ताणून काढता येतो. मात्र रिम आपटून वाकलेली असेल किंवा बरेच आरे सैल असतील, तर नव्या चाकाचा खर्च गृहीत धरावा. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवल्यावर खटखट जाणवली, तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. ब्रेक रिमवर घासणारा असेल, तर रिमच्या कडेवरून बोट फिरवावे. तेथे खोलगट लागले तर रिम झिजली असून हवेच्या दाबाने ती फाटू शकते.

रिमला लोहचुंबक चिकटला तर ती स्टीलची आहे. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक अगदी कमी लागतो, त्यामुळे ओल्या रस्त्यांवर रोज जायचे असेल तर ॲल्युमिनियमची रिमच घ्यावी.

टायरच्या कडेवरील आकडे वाचून घ्यावेत. ३७-६२२ असे लिहिले असेल, तर टायरची रुंदी ३७ मिलिमीटर आणि तो रिमवर जेथे बसतो तेथील व्यास ६२२ मिलिमीटर असतो. ‘२६ इंच’ या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या टायरांचा हा व्यास ५५९ किंवा ५९० मिलिमीटर असू शकतो आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. तो आकडा लिहून घेऊन तसा टायर सहज मिळतो का, याची चौकशी आधीच करावी, कारण दुर्मीळ मापाची सायकल स्वस्त मिळण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. रोजच्या खडबडीत रस्त्यासाठी ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा टायर सस्पेन्शनपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

चेन आणि पॅडल

चेनची झीज साध्या पट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या कडीच्या टोकाच्या पिनेच्या मध्यापर्यंत नवी चेन बरोबर १२ इंच भरते. हे अंतर १/१६ इंचाने वाढले असेल, तर चेन बदलावी लागेल. १/८ इंचाने वाढले असेल, तर मागची दातेरी चक्रेही झिजलेली असण्याचा संभव मोठा असतो, आणि त्यांवर नवी चेन घसरते. दोन्ही क्रँक धरून आडव्या हलवाव्यात. तेथे हालचाल जाणवली, तर बेअरिंगचा खर्च हिशेबात धरावा.

यानंतर सायकल चालवून पाहावी. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत, चढावर जोर देऊन गिअर बदलावेत आणि सरळ जाताना ती एका बाजूला ओढते का, याकडे लक्ष द्यावे. पुढचा ब्रेक दाबून धरून सायकल मागे-पुढे हलवल्यावर हँडलपाशी खटका लागला, तर तेथील बेअरिंग सैल आहे. ते बहुधा नुसते आवळून सुधारते.

भाव करताना आढळलेल्या दोषांची यादी विक्रेत्यासमोर ठेवावी आणि दुरुस्तीची रक्कम किमतीतून वजा करण्यास सांगावे. फ्रेमचा क्रमांक बहुधा पॅडलच्या बेअरिंगखाली कोरलेला असतो. तो खोडलेला असेल, किंवा सायकल कोठून आली याचे सरळ उत्तर मिळत नसेल, तर किंमत कितीही मोहक असली तरी व्यवहार करू नये. विक्रेत्याच्या सहीची पावती त्या क्रमांकासह घ्यावी.

सायकल ताब्यात आल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ब्रेक व गिअरच्या तारा ढिल्या पडतात, आणि नव्या चाकांचे आरेही सैल होतात. ते एकदा आवळून घ्यावेत. क्रँकचे बोल्टही तेव्हाच तपासावेत, कारण सैल क्रँक तशीच चालवत राहिल्यास तिचे चौकोनी छिद्र खाल्ले जाते आणि मग आवळण्याने भागत नाही, क्रँकच बदलावी लागते.