आवाज दोनदा येतो, ओठ मागे राहतात: टीव्ही, साउंडबार आणि स्वयंपाकघरातला स्पीकर एका वेळी कसे वाजवायचे

फोनवर तक्रार आली की मी आधी एकच विचारतो. "आवाज दोनदा येतोय, की तोंड हलून झाल्यावर येतोय?" लोक दोन्हीला सरसकट इको म्हणतात, पण ही दुखणी वेगळी आहेत. दोनदा येत असेल तर तोच आवाज घरात दोन ठिकाणांहून वाजतोय आणि त्यातलं एक मागे पडतंय. तोंडाशी जुळत नसेल तर स्पीकर एकच आहे, पण चित्र एका रस्त्याने आलंय आणि आवाज दुसऱ्या. पहिल्यावरचा उपाय बहुतेक वेळा फुकटात होतो. दुसऱ्यासाठी मेनूत शिरावं लागतं.

तिसरा प्रकारही असतो, तो आधी वगळून टाका. एकच स्पीकर चालू ठेवा, बाकी सगळे बोर्डावरून बंद करा. तरीही घुमतंय? मग दोष खोलीचा आहे. नवा फ्लॅट, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती उघड्या, खिडक्यांना पडदे नाहीत. अशा हॉलमध्ये टाळी वाजवली तरी ती टणटणत फिरते. पडदे लावा, सतरंजी टाका, सोफा येऊ द्या. त्यासाठी मला बोलवायची गरज नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या धंद्यात उशीर वाढवता येतो, कमी करता येत नाही. मेनूतलं ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘ए-व्ही सिंक’ आवाजाला थांबवून ठेवतं, एवढंच त्याचं काम. मागे राहिलेला स्पीकर कुठलंही बटण दाबून पुढे येत नाही. म्हणून घरातलं सगळ्यात संथ यंत्र आधी शोधायचं आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबवायचं. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत सगळे हात आवरून बसतात, तसं. थांबवणं परवडत नसेल, तर त्या संथ यंत्राला पंगतीतून उठवायचं.

किती उशीर चालतो? हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ३ हजारांश भाग, लागतात. म्हणजे सोफ्यापासून तीन मीटरवरच्या टीव्हीचा आवाज ९ मिलिसेकंदांत पोचतो, त्याची काळजी नको. तोच आवाज दोन स्पीकरमधून ३० मिलिसेकंदांच्या आत आला तर कान दोन्ही मिळून एकच समजतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला, आणि सभागृहांतले मागचे स्पीकर आजही त्याच हिशेबाने लावतात. ५० च्या पुढे गेलं की शब्द दोन होतात.

ओठांच्या बाबतीत माणूस जास्त सोशिक असतो, पण एकाच बाजूने. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत आकडे आहेत: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो, मागून येत असेल तर १२५ पर्यंत खपून जातो. साहजिक आहे. मैदानात सीमारेषेपाशी बसलं की बॅट फिरलेली आधी दिसते आणि टक् नंतर ऐकू येतं, त्याची आपल्याला सवय असते. तोंड उघडण्याआधी शब्द मात्र कधीच येत नाही. म्हणून आवाज पुढे असला की डोकं उठतं आणि नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नाही.

टीव्ही आणि साउंडबार दोन्ही बोलत असतील तर

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवतात तो लांबट स्पीकर, म्यूट करा. टीव्हीतून अजून आवाज येतोय? सापडला चोर. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये जाऊन टीव्ही स्पीकर बंद करा. काही टीव्हींत ‘टीव्ही स्पीकर + ऑप्टिकल’ असा जोडपर्याय असतो (ऑप्टिकल म्हणजे प्रकाशातून आवाज नेणारी वायर). घरातली मुलं मेनूत खेळताना बरोबर तोच निवडतात.

वायर एचडीएमआयची असेल तर टीव्हीच्या मागे ज्या पोर्टवर एआरसी किंवा त्याची नवी आवृत्ती ई-एआरसी छापलंय (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत पाठवणारी जागा) त्यातच लावा, शेजारच्या पोर्टमध्ये लावून उपयोग नाही. मग सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की साउंडबार सुरू होताच टीव्ही आपणहून गप्प बसतो आणि आवाजही टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. दोन्ही यंत्रं ई-एआरसीवाली असतील तर आणखी बरं, कारण वेळ जुळवून घेण्याची सोय त्यात सक्तीचीच आहे.

ऑप्टिकल वायरला यातलं काही कळत नाही. ती आवाज नेते आणि गप्प राहते. तिच्यावर उशीर वाटत असेल तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर, म्हणजे न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर, ठेवून बघा. दाबून बांधलेल्या डॉल्बी डिजिटलमध्ये आवाज १५३६ नमुन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या बारीक मोजमापांच्या, गठ्ठ्यांनी येतो. ४८ किलोहर्ट्झला एक गठ्ठा म्हणजे ३२ मिलिसेकंद, आणि तो उलगडायला यंत्र आणखी वेळ घेतं. पीसीएमवर सराउंड जातो, पण बातम्या आणि मालिका बघणाऱ्या घरात कोणाचं काही अडत नाही.

जुना होम थिएटर अजून जपून ठेवलेल्या घरांत नेमकं उलटं होतं. लाल-पांढऱ्या पिनांची वायर सेट-टॉप बॉक्समधून थेट ॲम्प्लिफायरला गेलेली असते. आवाज लगेच पोचतो, चित्र मात्र टीव्हीत अडकतं, कारण नवे टीव्ही हालचाल गुळगुळीत दाखवण्यासाठी पुढच्या फ्रेम येईपर्यंत थांबतात. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमचा हिशेब, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन-तीन अडल्या की आवाज ओठांच्या पुढे पळाला. ॲम्प्लिफायरची वायर बॉक्सऐवजी टीव्हीच्या ऑडिओ आउटमधून घ्या. तशी जागा टीव्हीला नसेल तर पिक्चर मोड ‘गेम’ करा, चित्रावरची बरीचशी प्रक्रिया तिथेच बंद होते.

स्वयंपाकघरातला स्पीकर

डोंबिवलीत मला सगळ्यात जास्त बोलावणं येतं ते याच्यासाठी. हॉलमध्ये मालिका चालू, काकूंच्या पोळ्या चालू, आणि मुलाने प्रेमाने आणून दिलेला ब्लूटूथ स्पीकर फ्रिजवर. हॉलचा आवाज पॅसेजमधून येतोच, त्यावर फ्रिजवरून तोच संवाद पुन्हा. "अहो दादा, ही बाई प्रत्येक वाक्य दोनदा बोलते हो. आधीच तिचे डायलॉग लांबलचक."

कारण ब्लूटूथ. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथची आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे राहतो: टीव्हीने दाबून बांधायचा, हवेतून पाठवायचा, स्पीकरने साठवून उलगडायचा. त्यात हॉलचा आवाज पॅसेजमधून यायला २०-२५ मिलिसेकंद धरा, तेवढे वजा जातात. उरलेली तफावत कानाला स्पष्ट दोन वाक्यं ऐकवते.

मग हॉलचा साउंडबारच २०० मिलिसेकंद मागे सारला तर? स्वयंपाकघर खूश, हॉलमधल्यांचे ओठ गेले. काही टीव्ही फक्त ब्लूटूथवर आवाज देताना चित्रही थोडं रोखतात, पण दोन स्पीकर एकदम चालू असताना त्याचा भरवसा नाही. मी हा मार्ग सुचवत नाही.

मी वायर टाकतो. ऐकायला मागासलेलं वाटतं, पण वायरमध्ये उशीर नसल्यात जमा. टीव्हीला हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची जागा असेल तर तिथून, नसेल तर ऑप्टिकलमधून. ऑप्टिकलसाठी काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर मिळतो, काही शे रुपयांत. टीव्ही पीसीएमवर ठेवायचा, नाहीतर हा डबा मुका राहतो किंवा खरखरतो. तिथून वायर स्कर्टिंगच्या वरून पांढऱ्या केसिंग पट्टीत घालून स्वयंपाकघरात न्यायची आणि स्पीकरच्या ‘ऑक्स’मध्ये, म्हणजे वायरीने आवाज घ्यायच्या जागेत, खोचायची. दोन पथ्यं. ऑडिओची वायर विजेच्या वायरबरोबर एकाच पट्टीत घालू नका, ५० हर्ट्झचा गुंऽऽ आवाज कायमचा वस्तीला येतो. आणि हेडफोनची पिन लावल्यावर बरेच टीव्ही स्वतःचे स्पीकर बंद करतात, तेव्हा दोन्ही चालू ठेवायचा पर्याय साउंड सेटिंगमध्ये आहे का ते पट्टी ठोकण्याआधी बघा. भिंतीला भोकं पाडल्यावर नव्हे.

स्पीकर नवा घ्यायचा असेल तर दुकानातच ऑक्सवर लावून ऐका. काही स्पीकर वायरीने आलेला आवाजही आधी डिजिटल करतात, त्याच्यावर आपली कारागिरी करतात आणि मग सोडतात. त्यांत ऑक्सलाही उशीर असतो आणि खोक्यावर तो छापलेला नसतो.

वायर नकोच असेल, भाड्याचं घर असेल, तर एपीटीएक्स लो लेटन्सीवाली (ब्लूटूथचाच, पण कमी उशिराचा कोडेक) ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी घ्या. उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पण ‘जोडी’ या शब्दावर जोर आहे. एका टोकाला ती सोय नसेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर उतरतात आणि पैसे पाण्यात.

दोन खोल्या, दोन टीव्ही

हॉलमध्ये डीटीएच, बेडरूममध्ये तीच मॅच मोबाइल ॲपवर, आणि मधलं दार उघडं. इथे मिलिसेकंदांची भाषाच संपते. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच, वर जाऊन खाली यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो. तेवढं सोडा. ॲप मात्र प्रक्षेपणाचे काही-काही सेकंदांचे तुकडे साठवत चालतं, आणि अर्धा मिनिट मागे असणं त्याच्यासाठी नवल नाही. विकेट हॉलमध्ये पडते, बेडरूममध्ये तो गोलंदाज अजून रनअपला उभा. हे कुठल्याही ए-व्ही सिंकने जुळत नाही. डीटीएच बॉक्सला रेकॉर्डिंगची सोय असेल तर तो पॉज करून ॲपपर्यंत मागे आणता येतो, पण जाहिरातीनंतर ॲप पुन्हा घसरलं की पुन्हा तेच.

कायमचा उपाय एकच: बॉक्स एक, त्याला एचडीएमआय स्प्लिटर (एका वायरीचे दोन फाटे करणारा डबा), त्यातून दोन टीव्ही. दोन्हींवर पिक्चर मोड एकच ठेवा, म्हणजे चित्र एकाच वेगाने येईल. दोन्हीकडे चॅनेल एकच दिसेल, हे घरात आधी ठरवून घ्या. स्प्लिटर माझ्या खिशात असतो, भांडण सोडवायची सोय नसते.

मोजायचं कसं

अंदाजाने मेनूत फिरलात तर तासाभराने कुठून निघालो ते आठवत नाही. आधी सगळे डिले शून्यावर आणा. टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार बोर्डावरून बंद करून मिनिटभराने लावा. बऱ्याच वेळा बॉक्सच मध्येच भरकटलेला असतो आणि एवढ्यानेच जागेवर येतो. मग दुसरा चॅनेल आणि एखादं ॲप बघा. एकाच चॅनेलवर त्रास असेल तर तो तिकडचा, तुमचं घर ठीक आहे.

ओठ तपासायला डब केलेला दाक्षिणात्य चित्रपट कधीही घेऊ नका. तिथे ओठ देवाघरूनच वेगळे आलेत. बातम्या देणारी व्यक्ती घ्या, नाहीतर तबल्यावर पडणारा हात. यूट्यूबवर चमक आणि बीप एकदम देणाऱ्या चाचणीच्या फिती मिळतात, त्या सगळ्यात बऱ्या. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन घेतलं तर एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. चमक दिसल्यापासून बीप ऐकू येईपर्यंतच्या फ्रेम मोजा.

दोन स्पीकरमधली तफावत हवी असेल तर तीच बीप दोन्हीकडे लावा आणि तुम्ही जिथे उभे राहता तिथे, म्हणजे गॅसच्या ओट्यापाशी, फोनवर रेकॉर्ड करा. फाइल लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एका बीपच्या जागी दोन शिखरं दिसतील. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत माउसने निवडलं की खाली आकडा येतो. तो तुमचा उशीर.

आता हाच आकडा पुढे धावणाऱ्या यंत्रात घालायचा. सॅमसंगमध्ये साउंडच्या एक्स्पर्ट सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट ऑडिओ डिले’, एलजीमध्ये ‘ए-व्ही सिंक ॲडजस्टमेंट’. मॉडेलप्रमाणे जागा थोडी हलते. फायर टीव्ही स्टिकमध्ये ‘ए-व्ही सिंक ट्यूनिंग’ आहे, लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जे आणि के ही बटणं आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे-पुढे करतात. २०-२० च्या पायऱ्यांनी चढा, घरातल्या दुसऱ्या माणसाला न सांगता आकडा बदला आणि त्याला विचारा. स्वतः लावलेला आकडा स्वतःला नेहमीच बरोबर वाटतो. जमलेला आकडा कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून टीव्हीच्या मागे लावा, बॉक्ससाठी वेगळा आणि ॲपसाठी वेगळा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की मेनू कधीकधी शून्यावर येतो.

राहिला व्हिडिओ कॉल. अमेरिकेतली नात टीव्हीवर मोठी दिसावी म्हणून लॅपटॉप टीव्हीला आणि आवाज ब्लूटूथ साउंडबारला जोडतात, आणि तिकडून ती म्हणते, "आजी, मला माझंच ऐकू येतंय." तिने तिकडे काही करून उपयोग नाही. तिचा आवाज तुमच्या साउंडबारमधून निघून तुमच्याच लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरतोय, आणि ब्लूटूथच्या उशिरामुळे कॉलच्या ॲपला तो ओळखून पुसता येत नाहीये. आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर परत आणा. चित्र टीव्हीवर राहू दे.