आउटबोर्ड इंजिनाला पाण्याचं प्रेशर गेज जोडताय? या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर धरणावर किंवा गोदेच्या पात्रात आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन) चालवणाऱ्याला इंजिन तापण्याची धास्ती कायम असते. इंजिन गार ठेवायला पाणी खेचणारा रबरी इम्पेलर (पंपाचं पात्यांचं चाक) खाली लोअर युनिटमध्ये, म्हणजे पाण्यात बुडालेल्या भागात असतो, डोळ्याआड. पावसाळ्यातलं गढूळ पाणी त्याला कानशीसारखं घासत राहतं. त्याची तब्येत समोर बसून कळावी म्हणून प्रेशर गेज लावायचं. काम तासाभराचं आहे. बिघडतं ते बहुतेक वेळा सुट्या भागांपाशी, कारण आपल्याकडे बोटीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि ठिबकचं दुकान मात्र हाकेच्या अंतरावर असतं.

ठिबकच्या फिल्टरवरचं शून्य ते सात किलोचं (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) गेज उचलून बोटीवर लावणं ही त्यातली ठळक चूक. आउटबोर्डच्या पाण्याचा दाब मुळात कमी. पंधरा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) धरला तरी तो एक किलोच्या जेमतेम वर. सात किलोच्या तबकडीवर काटा एका घरापुढे सरकणार नाही, आणि आयडलचे (इंजिन नुसतं संथ सुरू असतानाचे) दोन-तीन पीएसआय तर दिसणारच नाहीत. शून्य ते तीस पीएसआयचं गेज घ्या, लहान इंजिनाला शून्य ते पंधराही चालतं. इलेक्ट्रिक गेज घेणार असाल तर सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे हवेत. अमेरिकन पद्धतीचा सेन्सर २४० ते ३३ ओहमचा आणि युरोपियन १० ते १८० ओहमचा असतो. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या मीटरला लावला तर काटा हलेल, पण खरं बोलणार नाही.

आता आटे. इथे मी जरा जास्तच कटकट करतो, कारण इथली चूक महागात पडते. नाशिकमध्ये हार्डवेअरच्या दुकानात पितळी निपल मागितलं की हातात पडतं ते बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या) आट्यांचं. पुष्कळ इंजिनांवर आणि गेजवर मात्र एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे) आटे असतात. एक अष्टमांश इंची मापात एनपीटीचे इंचाला २७ आटे, बीएसपीचे २८. फरक इतका थोडा की निपल पहिले दोन-तीन फेरे गुमान आत जातं, मग अडकतं, आणि आपण पाना लावून जोर करतो. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, पितळ जिंकतं. एकदा आटे गेले की हेलीकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणं आलं. म्हणून आधी पिच गेजने (आटे जुळवून बघायच्या दातेरी पात्यांनी) आटे मोजा. तो जवळ नसेल तर इंजिनातून काढलेला बूच घेऊन सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात जा, तिथे एनपीटी आणि बीएसपीतला फरक समजावून सांगावा लागत नाही. हाताने तीन-चार फेरे सहज फिरलं तरच पाना लावायचा.

टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे पुरे, आणि टोकाचा पहिला आटा उघडा ठेवा. टेपची फाटकी लव आत गेली तर गेजच्या बारीक भोकात जाऊन बसते.

जोडायचं कुठे? इंजिनाच्या मागून जी पाण्याची धार पडते तिच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) मारणारे बरेच. ते सोपं दिसतं, पण त्या नळीचं टोक उघडं असल्याने तिथे दाब टिकत नाही. काटा कायम कमी दाखवतो, शिवाय टीमुळे धारही बारीक होते. गेजसाठी ब्लॉकवर किंवा हेडवर पाण्याच्या जॅकेटला (आत पाणी फिरतं त्या पोकळीला) बूच मारलेलं तोंड असतं, ते मॅन्युअलच्या चित्रात शोधा. लहान इंजिनावर असं तोंड नसेल तर ड्रिल घेऊन ब्लॉकवर प्रयोग करू नका, त्या मॉडेलसाठी अॅडॉप्टर मिळतो का ते विचारा.

नळी नायलॉनची हवी, ऑलिव्हवर (नळीभोवती आवळल्या जाणाऱ्या कडीवर) घट्ट होणाऱ्या फिटिंगची. ठिबकची काळी मायक्रोट्यूब इंजिनाच्या झाकणाखालच्या गरमीत मऊ पडते आणि भर पाण्यात निपलवरून निसटते. मग तीच पिचकारी इग्निशनच्या वायरिंगवर. नळी बांधण्याआधी इंजिन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा, वर उचला, आणि ती कुठे ताणते किंवा मुडपते ते पाहा. गेजच्या मागचा नट आवळताना गेजची षटकोनी मान दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर आतली नळी पिळली जाते. थंडीत नळीतलं पाणी गोठून गेज फुटण्याचे इशारे परदेशी मॅन्युअलमध्ये ठळक असतात. निफाडचा पारा कितीही घसरला तरी आपल्याला ती चिंता सहसा नाही.

जोडून झाल्यावर अंगणात नळाची पाइप लावून घेतलेलं रीडिंग वहीत लिहू नका. त्यात नळाचा दाब मिसळलेला असतो. (आणि पाण्याशिवाय इंजिन "फक्त दोन सेकंद" सुरू करून बघणं अजिबात नको, कोरडा इम्पेलर लगेच जळायला लागतो.) बोट पाण्यात उतरवा, इंजिन गरम होऊ द्या, आणि आयडल, अर्धा थ्रॉटल, पूर्ण थ्रॉटल असे तीन आकडे टिपा. आयडलला काटा तळाशी लोळतो, ते बहुतेक इंजिनांवर साहजिक आहे. दुसऱ्याच्या बोटीचा आकडा विचारून उपयोग नाही. पुराच्या वेळी क्युसेकचे आकडे कितीही जाहीर होवोत, नाशिककर पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं तेच विचारतो. तशी तुमच्या इंजिनाची स्वतःची खूण हवी.

मग बिघाड ओळखणं सोपं जातं. धार जोरात आणि काटा शून्यावर असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. नळी गेजकडून सोडून बादलीत धरा आणि इंजिन सुरू करा. काहीच येत नसेल तर फिटिंगच्या भोकात गाळ बसलाय. उलट, काटा नेहमीच्या जागी पण धार बारीक, तर धारेच्या तोंडात कचरा आहे, बारीक तारेने मोकळं होतं. आकडा महिनोन्महिने हळूहळू उतरत असेल तर इम्पेलर. अचानक पडला तर इंजिन बंद करून खालची जाळी बघा, पाणवेली नाहीतर निर्माल्याची प्लास्टिक पिशवी हमखास सापडते. फक्त वळताना किंवा वेगात पडत असेल तर इंजिन फार वर बसवलंय किंवा जास्त उचललंय, जाळीतून हवा ओढली जातेय.

काटा नेहमीपेक्षा वर गेला म्हणून खूश होणारेही असतात. पुढे थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकला किंवा वाट गाळाने बुजली की दाब वाढतो आणि पाणी मात्र फिरत नाही. गेज दाब दाखवतं, तापमान नाही. त्यामुळे गेज बसवलं म्हणून तापमानाच्या अलार्मची वायर सोडून ठेवू नका. ज्या इंजिनांवर चावी फिरवताच बझर एकदा वाजतो, तिथे तो ऐकूनच धक्क्यावरून बोट सोडा.