बंबाखू फुलायच्या आत उपटा, आणि उपटलेला बांधावर टाकू नका

परतीचा पाऊस उघडून ऊन पडलं की तंबाखूच्या बुडाशी बंबाखूचे, म्हणजे तंबाखूच्या मुळांवर जगणाऱ्या परजीवी तणाचे, कोंब माती फोडून वर येतात. निपाणी, चिकोडी, कागल, गडहिंग्लज भागात ज्यांनी ऑगस्टमध्ये तंबाखूचा तरू, म्हणजे रोपं, लावला, त्यांच्या रानात हे दिवस आता आलेच आहेत. कोंब वर आल्यावर फुलायला आठ-दहा दिवस पुरे होतात. दिवाळीत चार-सहा दिवस रानाकडे फिरकलं नाही, तर तेवढ्यात ते फुलोऱ्यावर येतात. आधी रान फिरा, फराळाला मागाहून बसा.

बंबाखू सगळेच उपटतात. पीक जातं ते पुढच्या हलगर्जीपणानं. उपटलेला मोळा बांधावर टाकला जातो आणि तिथेच राहतो. उपटल्यावरही फुलोऱ्यातलं बी वाळता वाळता पक्व होतं. एका झाडाला लाखाच्या वर बी धरतं, आणि ते धुळीइतकं बारीक असतं. वारा आणि पाणी ते परत रानात आणून सोडतात. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं दोन वर्षं वरच्या बांधाच्या एकाच कोपऱ्यात ढीग लावला. तिसऱ्या वर्षी त्या कोपऱ्यापासून खालच्या उतारापर्यंत, पावसाचं पाणी वाहतं त्याच रेषेत, बंबाखूचा पट्टा उभा राहिला. बाजूच्या ओळी जवळजवळ मोकळ्या होत्या. एकदा पडलेलं बी मातीत दहा वर्षंही जिवंत राहतं, त्यामुळे त्या पट्ट्याचं निस्तरणं पोरांच्या वाट्याला जाणार.

जमिनीखाली काय चाललंय ते एकदा स्वतः बघा. कोंब दिसेल त्या झाडाच्या बुडाची माती खुरप्यानं हळू सारा. तंबाखूच्या पांढऱ्या मुळाला हरभऱ्याएवढी पिवळसर गाठ चिकटलेली दिसेल, तिला बारीक आखूड मुळ्या असतात आणि तिच्यातूनच कोंब वर गेलेला असतो. बंबाखूला हिरवं पान नाही. त्याचं सगळं अन्नपाणी तुमच्या पिकाच्या मुळातून जातं. कोंब आपल्याला दिसायच्या आधी कित्येक दिवस हे शोषण चालू असतं. शिवाय निकोटिन तयार होतं ते मुळांत, तिथून ते पानात चढतं. शेंडा खुडल्यावर मुळं जोमानं वाढतात आणि पानाला कडकपणा येतो. नेमकं तेव्हाच मूळ पोखरलेलं असेल, तर पान वजनालाही हलकं आणि चवीलाही फिकं निघतं.

मातीतलं बी जागं कशानं होतं? तंबाखूचं मूळ वाढताना स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात मातीत सोडतं. ही हाक असते मायकोरायझा बुरशीला. ती मुळात शिरते, आपले धागे मुळाच्या पलीकडे लांबवर पसरते, तिथला स्फुरद (फॉस्फरस) आणून देते आणि बदल्यात साखर घेते. बंबाखूचं बी तीच हाक ऐकून रुजतं. मूळ स्फुरदाला भुकेलं असेल, तर बऱ्याच पिकांत ही हाक वाढते. माझा अंदाज असा, की शेणखत आणि सुपर फॉस्फेट वेळेवर मिळालेल्या रानात बंबाखू कमी उठतो आणि सलग तंबाखू घेऊन दमलेल्या रानात जास्त. हा अंदाज रानं फिरून आलेला आहे, प्रयोगशाळेतला नाही.

म्हणूनच दुकानदार या दिवसांत मायकोरायझाची महाग पिशवी पुढे करील तेव्हा हात आखडा. ती बुरशी तरवा (रोपवाटिका) टाकताना किंवा लागणीच्या वेळी मुळाशी गेली तर उपयोग. उभ्या पिकात वरून फेकून पैसे मातीत जातील. ज्वारी, मूग, उडीद घेतलेल्या रानात ती फुकट वाढते. 'बंबाखूचं खास औषध' म्हणून तणनाशक दिलं तर तेही घेऊ नका. बंबाखू मुळाला चिकटलेला आहे, एकाला मारायला जाल तर दुसरंही होरपळेल.

करायचं ते असं. दर चार-पाच दिवसांनी ओळन् ओळ फिरा. कोंब बुडातून, गाठीसकट काढा. पोत्यात भरा, रानाबाहेर न्या, वाळवून जाळा, नाहीतर खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकू नका. गाठ निघत नसेल तर कोवळ्या कोंबाच्या शेंड्यावर रॉकेलचे दोन थेंब सोडा. रॉकेल आता सहज मिळत नाही, निंबोळी तेल किंवा घरातलं गोडेतेल चालतं. थेंब तंबाखूच्या पानावर पडू देऊ नका.

मेंढ्यांबद्दलही सांगतो. जनावरानं बंबाखू खाल्ला तरी बी पोटातून जिवंत बाहेर पडतं. बंबाखूच्या रानात चरलेला कळप लगोलग आपल्या रानात बसवू नका. लेंडीखत सोन्यासारखं आहे, पण कळप आधी कुठे चरला ते धनगराला विचारून मगच बसवा.

बाकीची कामं:

– बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटणारे कोंब, आठवड्याला काढा.
– पानं खाणाऱ्या अळीचे अंडीपुंज पानासकट नष्ट करा, 5 टक्के निंबोळी अर्क फवारा, हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा.
– बोकडलेली, म्हणजे पानं आकसून वळलेली, झाडं उपटा.
– रानात काम करताना तंबाखू मळू नका. मोझॅक हा विषाणूचा रोग हातानं पसरतो, हात साबणानं धुवा.
– म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यातल्या क्लोरीननं पान नीट जळत नाही. पोटॅश लागलाच तर सल्फेटमधून, तोही माती तपासून.

पट्टा फार बिघडला असेल तर पुढची दोन-तीन वर्षं तिथे तंबाखू घेऊ नका. टोमॅटो, वांगीही नकोत, बंबाखू त्यांच्यावरही जगतो. ज्वारी, मूग, उडीद, तीळ घ्या. यांच्या मुळांच्या हाकेनं काही बी रुजतं, पण चिकटायला मूळ न मिळाल्यानं मरून जातं. आणि भाड्याचा ट्रॅक्टर आला, तर रोटाव्हेटरच्या पात्यांत अडकलेली आधीच्या रानाची माती बांधाबाहेरच खरवडून मगच त्याला आत घ्या.