दिवाळीची ऑनलाइन खरेदी: किंमत बघण्याआधी बघा, पैसे कोणाच्या नावावर जातात

घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत ऑनलाइन फसवणूक करणाऱ्यांना एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे तारीख. बहिणीची साडी भाऊबीजेच्या आत पोहोचायला हवी, पुण्याच्या जावयाचं गिफ्ट पाडव्याला हातात पडायला हवं. एरवी चार दिवस विचार करणारा माणूस ‘आजच ऑर्डर केलं तरच वेळेत मिळेल’ हे वाचून पाच मिनिटांत पैसे पाठवतो.

‘एवढं स्वस्त मिळतंय म्हणजे फसवणूकच’ ही खूण आता पुरत नाही. सणात खऱ्या कंपन्याही निम्म्या भावात माल विकतात आणि हुशार ठग मुद्दाम बाजारभावापेक्षा दहा-पंधरा टक्केच कमी भाव लावतो. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे पैसे कोणत्या वाटेने, कोणाच्या खात्यात जातात. खालच्या सगळ्या तपासण्यांचा रोख तिकडेच आहे.

दुकान खरं आहे का?

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या जाहिरातीवरून साइट उघडली असेल तर आधी पत्ता वाचा, आणि तो उजवीकडून वाचा. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे नाव असतं, ती साइट त्याची. ‘अमेझॉन डॉट दिवाळीऑफर डॉट शॉप’ ही साइट अमेझॉनची नाही, ‘दिवाळीऑफर’ नावाच्या कोणाची तरी आहे. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं तरी त्यावर विसंबू नका. तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तर ती सुरक्षितपणे चोराकडेच पोहोचते.

मग ‘हू-इज’, म्हणजे साइटची नोंदणी दाखवणारा शोध देणाऱ्या कोणत्याही साइटवर तो पत्ता टाका. नोंदणीची तारीख दिसेल. ‘तीन पिढ्यांचा विश्वास’ लिहिणाऱ्या दुकानाची साइट तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेली असेल तर तिथेच थांबा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे साइटवर व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असावंच लागतं. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर देणाऱ्या साइटला आगाऊ पैसे देऊ नका.

जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो १५ अक्षरांचा हवा. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधायची सोय आहे, त्यासाठी लॉगिन लागत नाही. क्रमांक खरा निघाला की बरेच जण समाधान मानतात आणि नेमकी इथेच चूक होते, कारण ठग दुसऱ्याच कोणाचा खरा क्रमांक उचलून लावतात. म्हणून पोर्टलवरचं नाव आणि पत्ता साइटवरच्या नावा-पत्त्याशी जुळतो का, तेही बघा. जीएसटी क्रमांक नाही म्हणजे लबाडी, असंही नाही. घरगुती फराळ विकणाऱ्या ताईंची उलाढाल छोटी असते, त्यांना तो बहुधा लागत नाही. खाण्याच्या वस्तूसाठी मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांक विचारा. तो घरगुती व्यावसायिकालाही घ्यावा लागतो.

येवल्याची पैठणी आणि सराफाचा माल

नाशिककरांना सणात सगळ्यात जास्त दिसणारी जाहिरात पैठणीची. ‘थेट येवल्याच्या विणकराकडून, अस्सल हातमाग, फक्त १,९९९ रुपये.’ शुद्ध रेशमाची हातमागावरची पैठणी विणायला आठवडे लागतात, दोन हजारांत ती येत नाही. या भावात आलीच तर यंत्रमागाची किंवा कृत्रिम धाग्याची साडी येते, आणि पुष्कळदा काहीच येत नाही.

विक्रेत्याला व्हिडिओ कॉल करा आणि पदराची उलटी बाजू जवळून दाखवायला सांगा. हातमागाच्या पदरावरचे मोर, पोपट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसतात. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे, लोंबते किंवा कातरलेले धागे असतात. रेशमाची खात्री हवी असेल तर सिल्क मार्कचं लेबल बघा. पाठवून दिलेल्या फोटोवर समाधान मानू नका. तो गुगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोधणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला की बहुतेक वेळा तीच साडी दहा साइटवर वेगवेगळ्या भावात दिसते.

नाशिककरांच्या हातात एक हुकमी उपाय आहे: येवला जवळ आहे. विक्रेत्याला सांगा, ‘शनिवारी दुकानात येऊन बघतो, पत्ता द्या.’ खरा विणकर किंवा दुकानदार आनंदाने पत्ता देतो, फार तर वेळ सांगतो. ‘दुकान सध्या बंद आहे, पण बुकिंगचे ५०० रुपये टाका’ असं उत्तर आलं तर बोलणं तिथेच संपवा.

हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. अ‍ॅप ‘अंगठी’ म्हणतंय आणि तुमच्या हातात साखळी आहे, तर तो क्रमांक दुसऱ्या दागिन्याचा आहे. लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं अनोळखी साइटवरून मागवण्यात काही शहाणपण नाही. सराफ बाजारात जा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या, पक्कं बिल घ्या.

पैसे देताना

अनोळखी विक्रेत्यासाठी पसंतीचा क्रम असा ठेवा: डबा उघडून दाखवून मग घेतले जाणारे पैसे, त्यानंतर क्रेडिट कार्ड, मग डेबिट कार्ड, मग दुकानाच्या नावावरचं यूपीआय. व्यक्तीच्या नावावरचं यूपीआय आणि थेट बँक ट्रान्सफर शेवटी, खरं तर नकोच. कारण साधं आहे. कार्डाच्या व्यवहारावर माल न आल्याची हरकत बँकेमार्फत घेता येते, त्याला चार्जबॅक म्हणतात. तुम्ही स्वतः पिन टाकून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली रक्कम मात्र त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक परत ओढू शकत नाही.

यूपीआयचा पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचा. ते बँकेत नोंदलेलं नाव असतं, विक्रेत्याने स्वतः लावलेलं नसतं. साइट ‘पैठणी महाल’ आणि पैसे भलत्याच कोणाच्या वैयक्तिक खात्यात, असं दिसलं तर मागे फिरा. ‘ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ हे उत्तर स्वीकारू नका.

पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा किंवा क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘रिफंड मिळवायला हा कोड स्कॅन करा’ असं कोणीही म्हणालं तरी तो पैसे काढून घेण्याचाच मार्ग आहे. ओटीपीचा मेसेजही पूर्ण वाचा, त्यात रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव बहुधा असतं. ‘पत्ता दुरुस्तीचे ५ रुपये’ भरताना मेसेजमध्ये ४९,००० दिसले तर तो ओटीपी टाकू नका.

घरातल्या मोठ्यांच्या फोनवर आजच करून ठेवा: बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा ऑनलाइन वापर बंद, परदेशी वापर बंद, यूपीआयची मर्यादा कमी. खरेदीच्या वेळी चालू करायचं, झाल्यावर बंद. शक्य असेल तर सणाच्या खर्चापुरती रक्कम वेगळ्या खात्यात काढा आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. मग काही चुकलंच तरी मुदत ठेवी आणि पेन्शन शाबूत राहते.

पार्सलच्या नावाने येणारे सापळे

सणात प्रत्येकाचं काही ना काही वाटेत असतं, म्हणून ‘तुमचं पार्सल अडकलंय’ हा मेसेज अंदाजाने हजारोंना पाठवला तरी अनेकांना तो आपलाच वाटतो. दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला असा मेसेज पोस्टाचा किंवा कुरिअरचा समजू नका. स्पीड पोस्टचा क्रमांक १३ अक्षरांचा असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी भारताची ‘आयएन’ ही दोन अक्षरं. मेसेजमधली लिंक न उघडता तो क्रमांक पोस्टाच्या साइटवर स्वतः टाइप करून बघा.

‘डिलिव्हरी बॉय बोलतोय, पत्ता सापडत नाहीये, *४०१* आणि हा नंबर डायल करा’ हा फोन जास्त घातक. अशा कोडने तुमचे कॉल त्याच्या नंबरकडे वळू शकतात. मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हातात जातं. चुकून डायल केलं असेल तर लगेच ##००२# डायल करा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

दुसरा प्रकार घरच्यांच्या चांगुलपणावर चालतो. कोणीच न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारात येतं. तुम्ही सातपूरला कामावर असता. इंदिरानगरच्या सोसायटीत वॉचमन किंवा शेजारच्या काकू ‘मागवलं असेल पोरांनी’ म्हणून ७९९ रुपये देऊन ठेवून घेतात. यावर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा उपयोग करा. प्रत्येक ऑर्डरची एक ओळ टाकायची: काय, कुठून, किती रुपये, पैसे भरलेत की द्यायचेत. यादीत नाही ते पार्सल परत. वॉचमनलाही तसं सांगून ठेवा.

महाग वस्तू उघडताना सलग व्हिडिओ घ्या. आधी लेबल आणि क्रमांक, मग डब्याच्या सहाही बाजू आणि चिकटपट्टी, मग उघडणं. मध्ये कट नको, नाहीतर कंपनी तो मानायला तयार होत नाही. डबा उघडून दाखवायची सोय घेतली असेल तर वस्तू बघून झाल्यावरच डिलिव्हरीचा ओटीपी सांगा. ओटीपी सांगितला म्हणजे माल ठीक मिळाला, अशी नोंद होते.

रिफंडसाठी ग्राहकसेवेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे ठगांनी पेरलेले नंबर असतात. तो कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या. आणि समोरचा स्क्रीन शेअर करायला लावत असेल तर फोन ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दिवाळी गिफ्ट’ नावाची एपीके (फोनवर अ‍ॅप बसवणारी) फाइल आली, अगदी मामांच्या नंबरवरून आली, तरी उघडू नका. मामांचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. ती फाइल मेसेज वाचायची परवानगी मागते आणि मग बँकेचे ओटीपी परस्पर पुढे पाठवते. इन्स्टॉल झालीच असेल तर एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद आहे ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. नुसतं अ‍ॅप काढून भागेलच असं नाही.

पैसे गेलेच तर

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, पोलीस ठाण्यात जाण्याच्याही आधी. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पटापट हलवली जाते. ती जिथे असेल तिथे गोठवायची तर कळवणं तितकंच लवकर हवं. फोन करताना व्यवहाराची वेळ, रक्कम, तुमची बँक आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक समोर ठेवा. लाइन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

लगेच बँकेला कळवा, कार्ड आणि यूपीआय बंद करा, तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार तुमची आणि बँकेची, दोघांचीही चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित भार येतो. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी उशीर करू नका. घरात कोणी फसलं असेल तर रागावू नका; बोलणी खायच्या भीतीने माणूस गप्प बसतो आणि तेवढ्यात उरलेलं खातंही रिकामं होतं.

चॅट, जाहिरात, साइट आणि पावतीचे स्क्रीनशॉट काढा, काहीही पुसू नका. त्यानंतर पोलिसांकडे जा. नाशिक शहर पोलिसांचं आणि नाशिक ग्रामीण पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं वेगवेगळं आहे, पण हद्दीच्या कारणाने तक्रार नाकारता येत नाही. रक्कम ८०० रुपयांची असली तरी नोंदवा. एकाच खात्यावर अनेक तक्रारी जुळल्या की ते खातं पकडता येतं.

विक्रेता खरा आहे पण माल खराब आला आणि तो दाद देत नाही, तर तो विषय ग्राहक हेल्पलाइनचा, नंबर १९१५. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

तक्रार केल्यावर काही दिवसांत ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, दोन टक्के प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो. फोन करणारा आपण सायबर पोलीस किंवा वकील असल्याचं सांगेल, तुमची रक्कमही अचूक सांगेल. त्याला एक रुपयाही देऊ नका. पोलीस किंवा बँक पैसे परत करण्यासाठी फोनवर फी मागत नाहीत. त्याचा नंबर त्याच जुन्या तक्रार क्रमांकासह पोलिसांना कळवा.